सिलोन आणि बीबीसीच्या मधलं

आमच्या पिढीला शॉर्टवेव्हची गोडी लागली ती केसकरांच्या कृपेने. आपलाच मराठी माणूस, पण 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झाल्यावर आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद केली. मग घरोघरी काटा रेडिओ सिलोनकडे वळला. रेडिओ उंच फळीवर, त्यावर क्रोशाचा रुमाल, भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल, आणि बटण फिरवायचा मान एकट्या अण्णांचा.

सिलोनहून बीबीसीकडे जाताना वाटेत काय काय लागायचं! खरखर, शिट्ट्या, कट्ट-कडकट्ट, आणि मध्येच एखादी बाई अनोळखी भाषेत सपाट आवाजात एकसारखं काहीतरी म्हणत असायची. “पाढे म्हणतेय बिचारी,” इति आजी. 1971 साली, खिडक्यांना काळे कागद लावलेले असताना, चाळीतल्या पोरांनी तिला थेट पाकिस्तानची हेर ठरवली. अण्णा वैतागून काटा पुढे सरकवायचे.

आजीचा अंदाज फार चुकीचा नसावा. शीतयुद्धाच्या काळात शॉर्टवेव्हवर नुसते आकडे वाचणारी स्टेशनं खरोखरच होती. एक तर ‘लिंकनशायर पोचर’ या इंग्रजी लोकगीताची धून वाजवून पाच-पाच आकड्यांचे गट वाचायचं. हौशी मंडळींनी त्याचा माग सायप्रसपर्यंत काढला. 2008 मध्ये ते गप्प झालं.

युक्ती साधीच. ऐकणाऱ्याकडे तसाच आकड्यांचा एक गुप्त कागद. ऐकलेल्या आकड्यांतून कागदावरचे वजा करायचे, तेही हातचा न घेता. उरतील त्यांची अक्षरं करायची आणि कागद जाळून टाकायचा. कागद खरोखर कसलाही क्रम नसलेल्या आकड्यांचा असला आणि एकदाच वापरला, तर ते कोडं कुणालाच सुटत नाही. ऐकलं सगळ्या जगाने, पण पत्र नेमकं कुणाला, याचा मागमूस नाही. पोस्टमनला पत्ताच द्यायचा नाही, अशी ही डाक!

1976 पासून टकटक करणारा ‘सुतारपक्षी’ मात्र हेर नव्हता. चेर्नोबिलजवळच्या सोव्हिएत रडारचा तो आवाज. सेकंदाला दहा ठोके, जगभरच्या श्रोत्यांचं डोकं उठवणारे. आमच्याकडे त्याचं खापर शेजारच्या मिक्सरवर फुटायचं.

सप्टेंबर 2001 मध्ये अमेरिकेच्या लष्करी गुप्तचर खात्यातली ॲना माँटेस हेरगिरीबद्दल पकडली गेली. क्यूबाहून येणारे आकडे ती सोनीच्या साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर ऐकायची आणि लॅपटॉपवर त्यांचा उलगडा करायची. बातमी वाचून सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. मस्कतहून आणलेला सोनी उशाशी घेऊन रात्री-अपरात्री बटण फिरवणारे घरात तेच एक. काकूने मात्र तिथल्या तिथे निकाल दिला, “ह्यांना दूधवाल्याचा हिशेब जमत नाही, हे कसली हेरगिरी करणार!”