कोणत्या मेंदूत कुठे पाहावे

मुंबईतील परळमध्ये १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, लोकांच्या तोंडी ‘बैलघोडा हॉस्पिटल’ असलेले बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, हाफकिन संस्था आणि माणसांचे के. ई. एम. रुग्णालय ही सारी पायी फिरण्याच्या अंतरात असली, तरी जनावराचा मेंदू एका टेबलावर आणि माणसाचा दुसऱ्या टेबलावर तपासला जातो. पशुविकृतिशास्त्रज्ञाला, म्हणजे रोगाने जनावराच्या ऊतींत घडवलेले बदल वाचणाऱ्याला, ही वाटणी पाळून चालत नाही.

रेबीजचेच पाहावे. पिसाळून मेलेल्या कुत्र्याची कवटी उघडली तरी मेंदू बहुधा धडधाकट दिसतो, कारण हा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने वर चढून पेशी फोडण्यापेक्षा त्यांचे काम बिघडवतो. चेतापेशीत दिसणारे लालसर, ठळक काठाचे गोल कण अदेल्की नेग्री यांनी १९०३ मध्ये वर्णिले. कुत्र्यात ते प्रथम हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात शोधतात, गाईम्हशींत मात्र लहान मेंदूतील पर्किंजे या मोठ्या पेशींत. ते सापडले नाहीत म्हणून रेबीज नाही, असे लिहिता येत नाही. त्यामुळे आता विषाणूला चिकटून चमकणारी प्रतिपिंडे वापरतात आणि त्या चाचणीसाठी मेंदूचा काही भाग फॉर्मलिनमध्ये न बुडवता बर्फावर ठेवतात.

याच रोगावरची सेंपल लस मेंढीच्या मेंदूपासून होत असे आणि ती पोटात टोचून घेतलेली पिढी अजून मुंबईत आहे. मेंढीच्या मज्जातंतूंवरील आवरणातली प्रथिने माणसाच्या प्रथिनांशी इतकी जुळतात, की लस घेतलेल्या काहींचे शरीर स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटून त्यांना पक्षाघात होई. भारतात ही लस २००४ च्या अखेरीस बंद झाली, ती खरे तर बरीच आधी व्हायला हवी होती.

मेंढी आणि माणूस यांच्यातले असेच साम्य विल्यम हॅडलो या अमेरिकन पशुविकृतिशास्त्रज्ञाच्या कामी आले. मेंढ्या अंग घासघासून लोकर झडवतात त्या स्क्रॅपी रोगाचा इंग्लंडमध्ये अभ्यास करताना, न्यू गिनीतील माणसांना होणाऱ्या कुरू या मेंदूरोगाच्या रोग्यांच्या मेंदूची छायाचित्रे पाहून त्यांना चेतापेशींतील स्क्रॅपीसारख्याच पोकळ्या ओळखू आल्या आणि १९५९ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कुरू वानरवर्गीय प्राण्यांत टोचून पाहण्याचे सुचवले, चिंपांझींत तो उतरल्याचे १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. पण निरोगी गाईच्या मेंदूतही, ‘लाल केंद्रक’ या भागात, अशा पोकळ्या आढळतात, म्हणून अहवालात पोकळीबरोबर प्राण्याची जात आणि मेंदूतला नेमका भागही नोंदवावाच लागतो.