आधी अंदाज, मग माऊस

नववीच्या विज्ञानात ‘धाराविद्युत’ हा धडा आहे. मुलं ओहमचा नियम पाठ करतात, एकसर आणि समांतर जोडणीची उदाहरणं बिनचूक सोडवतात. पण तारेतून काय वाहतं ते खडूनं दाखवता येत नाही, याची मला फार दिवस खंत होती. कोळवणला माझ्या वर्गात नांदगाव, भालगुडी, साठेसाई अशा खोऱ्यातल्या गावांची मुलं बसतात. घरची भातशेती. मोटर जळणं, डीपीवरचा फ्यूज उडणं हे त्यांना माझ्याआधी ठाऊक असतं. वीज ओळखीची, पुस्तकातला परिपथ मात्र परका.

म्हणून ‘फेट’मधली विद्युत परिपथाची प्रतिकृती वर्गात आणली. हा प्रकल्प अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 2002 साली नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी सुरू केला. सगळं विनामूल्य आहे, बऱ्याच प्रतिकृती मराठीतही मिळतात. आमच्यासाठी मोलाची गोष्ट वेगळीच. एकदा फाइल उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात या खोऱ्यात रेंजच्या भरवशावर तास आखता येत नाही.

माझ्या लहानपणी दूरदर्शनवर बालचित्रवाणीचे कार्यक्रम लागायचे. 1984 साली पुण्यात सुरू झालेल्या त्या संस्थेबद्दल मला कृतज्ञता आहे. पण तिथे आम्ही फक्त पाहत होतो. इथे तार मुलाच्या हातात असते. घटाची दोन टोकं तारेनं थेट जोडली की पडद्यावर घट पेट घेतो. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आळीपाळीनं तेच केलं, आणि मी करू दिलं. शॉर्टसर्किट म्हणजे काय, हे मला नंतर समजावावं लागलं नाही.

खरा तास पुढे रंगला. मी नियम घातला, माऊसला हात लावण्याआधी वहीत अंदाज लिहायचा. एका घटावर समांतर जोडणीत दुसरा दिवा लावला तर पहिला मंदावेल का? बहुतेकांनी ‘हो’ लिहिलं. जोडून पाहिलं तर पहिल्या दिव्याचा उजेड तसूभरही कमी झाला नाही. मग खरे सेल, तारा आणि टॉर्चचे छोटे बल्ब वाटले. तिथे दुसरा बल्ब लागताच पहिला किंचित मंद झाला.

“बाई, पडद्यावर तर नव्हता झाला!” मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली.

असा प्रश्न मला इतक्या वर्षांत पाठ्यपुस्तकातून उभा करता आला नव्हता. प्रतिकृतीतला घट आदर्श असतो, त्याला स्वतःचा रोध नसतो. आपल्या हातातल्या सेलला असतो, आणि सेल जुना झाला की तो वाढतो. त्याच प्रतिकृतीत घटाचा रोध वाढवायची सोय आहे. त्या मुलीलाच तो वाढवायला सांगितला. पडद्यावरचे दिवे मंदावले आणि वर्गात एकच गलका झाला. मग एकानं विचारलं, संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी सुरू झाल्या की घरचा दिवा मंद होतो, तेही असंच का? तिथे सेलच्या जागी लांबच लांब तारा आणि डीपी, एवढंच मी सांगितलं. बाकीचं त्यांनीच जुळवलं.

पडद्यावरची तार कधी सैल होत नाही, सेलला गंज चढत नाही. म्हणून नुसती प्रतिकृती अपुरी आहे, आणि नुसत्या सेल-बल्बमध्ये धारा दिसत नाही. दोन्ही एकाच तासात शेजारी हवीत, असं माझं ठाम मत झालं आहे. हल्ली शाळांना मोठे पडदे मिळतात, पण त्यावर नुसते व्हिडिओ चालवले तर मूल पुन्हा प्रेक्षकच होतं.

खेड्यातल्या विज्ञानशिक्षकांना माझी विनंती आहे. पौडला किंवा पुण्याला जाल तेव्हा ही फाइल पेनड्राइव्हवर उतरवून आणा. एक जुना लॅपटॉप, दोन सेल आणि चार बल्ब पुरतात. फक्त मुलांचे अंदाज आधी वहीत लिहून घ्या.