ओरिजिनल की मारुतीचा?

पीयूसीवाल्या पोराने सायलेन्सरमध्ये नळी घातली, स्क्रीनकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, हिला आता घरीच ठेवा."

बाबा काही बोलले नाहीत. परत येताना गाडी दोनदा सिग्नलला बंद पडली. मागचे हॉर्न वाजवत होते आणि बाबा शांतपणे चावी फिरवत होते. त्यांना याची चाळीस वर्षांची सवय आहे.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची. आमच्या घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, ती 'फियाट'च. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी आधी फियाट म्हणूनच बनायची, पद्मिनी हे नाव १९७४ मधलं. आजोबांनी नंबर लावून, वाट पाहून ती घेतली. तेव्हा मारुती ८०० रस्त्यावर येऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि शेजाऱ्यांनी ती घेतलीही होती. आजोबा तिला 'पत्र्याची डबी' म्हणायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गॅरेजवाल्या काकांनी बॉनेट उघडलं, कार्बोरेटरच्या बाजूला आलेला थ्रॉटलचा दांडा धरून हलवला. तो खटखट वाजला. "संपला," ते म्हणाले.

मी कॉम्प्युटर इंजिनीअर. माझा आणि कार्बोरेटरचा संबंध अकरावीच्या बर्नुलीपर्यंतच. पण मूळ कल्पना तेवढीच आहे. इंजिन हवा ओढतं. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे शेजारच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, वर खेचलं जातं आणि हवेत मिसळतं. सेन्सर नाही, कोड नाही. सगळा हिशोब भोकांच्या आकारात बसवलेला.

आमच्या कार्बोरेटरमध्ये दांड्याचं भोकच झिजून मोठं झालं होतं. तिथून हिशोबाबाहेरची हवा आत शिरायची आणि गाडी आयडलिंगला मरायची. मग कुणीतरी स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवायचं, की काळा धूर. वरून आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जाळायला वजनाने साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे जुन्या जेटमधून येणारं नवं पेट्रोल हवेच्या मानाने कमी पडतं. शिवाय इथेनॉलने जुनं रबर फुगतं. गेल्या वीस वर्षांत जिथे जिथे बग आला तिथे तिथे कुणीतरी पॅच मारला होता. हे मला फार ओळखीचं वाटलं.

काकांनी तीन रस्ते सांगितले. एक, ओरिजिनल सोलेक्स रिपेअर करायचा: लेथवाल्याकडून भोक मोठं करून पितळी बुश बसवायचे, नवा दांडा, नवं किट. दोन, बाजारात मिळणारी त्याची नवी नक्कल. तीन, मारुती ८०० चा जुना कार्बोरेटर, मध्ये ऍडॉप्टर प्लेट टाकून. "तिसरं करा," ते म्हणाले. "डोक्याला ताप नाही."

मी लगेच नाही म्हणालो. आजोबांच्या गाडीत मारुतीचं काळीज?

माझ्याकडे मुद्देही होते. मारुतीचं इंजिन ७९६ सीसी, आपलं १०८९. लहान इंजिनाचा गळा लहान, मोठ्या इंजिनाला वेगात हवा कमी पडणार. जेट बदलावे लागणार. आणि माझा हुकमी मुद्दा: २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षं पूर्ण केलेली, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. २०३६ मध्ये आमची गाडी पन्नास वर्षांची होईल. मी बाबांना हे सगळं स्प्रेडशीटमध्ये दाखवलं.

बाबा म्हणाले, "व्हिंटेज झाली की रोज चालवता येते का?"

येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते.

"मग?" म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.

मी स्वस्तात मधला मार्ग काढायचा म्हणून नवी नक्कल मागवली. डब्यातून निघालेली वस्तू चकचकीत होती. बसवली, पहिल्याच फटक्यात गाडी सुरू झाली, मी बाबांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पाच मिनिटांत पेट्रोलचा वास. वाटीत पेट्रोल भरलं की फ्लोट वर येऊन सुई बंद करतो. इथे सुई नीट बसतच नव्हती. पेट्रोल काठावरून गरम इंजिनावर ठिबकत होतं. काकांनी झडप घालून चावी काढली. माझे पाय थंड पडले. तिथे बाबा एकटे असते तर?

त्या रात्री जेवताना बाबांनी एक गोष्ट सांगितली. मला ती अर्धीच माहीत होती.

१९९७, जुलै. मी जन्मायचा होतो. रात्री दोनला आईच्या पोटात कळा सुरू झाल्या, बाहेर धो धो पाऊस. बाबांनी चोक ओढून गाडी सुरू करायचा प्रयत्न केला. घाबरून ऍक्सिलरेटर पंप करत राहिले आणि कार्बोरेटर ओव्हर झाला. आई मागच्या सीटवर, आजोबा छत्री धरून बॉनेटपाशी. शेवटी बाबा पावसात धावत चौकापर्यंत गेले आणि रिक्षा आणली. आम्ही वेळेत पोचलो.

"तुम्ही हे हसत सांगायचात," मी म्हणालो.

"तुझ्यासमोर हसत सांगायचो. तुझ्यासाठी ती आजोबांची गाडी आहे. माझ्यासाठी ती चालू होईल की नाही अशी गाडी आहे. कायम. खंबाटकी चढताना मे महिन्यात फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवून बसलोय मी. तुझी आई बाजूला उन्हात." मग थोडं थांबून म्हणाले, "मला तिला घेऊन वाईला जायचंय. फडकं न घेता."

आई ताटाकडे बघत होती. मी पहिल्यांदा तिला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला कोणी विचारलं नव्हतं इतकी वर्षं. मारुतीचा लाव."

खरं सांगायचं तर मारुतीचा कार्बोरेटरही काही नवीन नाही. त्या गाड्या इंजेक्शनवर जाऊनही पंचवीस वर्षं झाली. दोन्ही म्हाताऱ्यांना कान लावून ट्यून करणारा माणूसच लागतो, आणि काकांचा मुलगा स्कॅनर लावून गाड्या बघतो. म्हणजे प्रश्न 'जुना की नवा' असा नव्हताच. बिघडला तर वाईच्या वाटेवर कुठल्या गॅरेजमध्ये पार्ट मिळेल, हा होता. सोलेक्सचा नाही मिळणार. मारुतीचा मिळेल.

मी एकच अट घातली: मॅनिफोल्ड कापायचा नाही, भोक पाडायचं नाही. प्लेट बोल्टने बसेल, बोल्टने निघेल. ऑफिसात आम्ही याला रोलबॅक म्हणतो. काकांनी मेन जेट मोठा टाकला, पाइप इथेनॉल सोसणारे घातले. चढाला दम थोडा कमी वाटतो, हा माझा मुद्दा बरोबर निघाला. पीयूसी पास झाली.

सोलेक्स मी घरी आणला. रविवारी डायनिंग टेबलवर पेपर पसरून खोलला, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढत. जेट तारेने साफ करायला गेलो तर बाबा ओरडले, "तार नको! भोक मोठं होतं. फुंकर मार." लेथवाल्याने बुश बसवून दिले. आता दांडा वाजत नाही. तो बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, तेल लावून, कपाटात आहे. मी एकोणचाळिसाचा होईन तेव्हा बघू. कदाचित तेव्हा मलाही फक्त पोचायचं असेल.

गेल्या शनिवारी मी ऑफिसमध्ये रिलीजमध्ये अडकलो होतो. दोघंच गेले वाईला. मी दर अर्ध्या तासाने फोन बघत होतो. खंबाटकीच्या वेळेला मेसेज नाही. नंतरही नाही. मीटिंगमध्ये कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी आईचा मेसेज आला.

"पोचलो. कुठेच थांबलो नाही."