मालवणच्या वाटेवर : साधे की पावर?

गेल्या वैशाखाच्या अखेरीस बहिणीकडे मालवणला जायचा योग आला. कोल्हापुराहून निघालेली एस.टी. राधानगरी, दाजीपूर करीत फोंडा घाटाच्या तोंडाशी आली, की अंगावरची हवाच बदलते. वर असेपर्यंत खिडकीतून झुळूक येत होती. घाट उतरून फोंड्याला पोचलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. कणकवलीला भाचा मोटारसायकल घेऊन उभाच होता. शंभर सी.सी.ची, पंधरा-सोळा वर्षे राबलेली गाडी. सामान पुढे टाकीवर, मी मागे, अशी आमची वरात निघाली.

महामार्गावरच्या एका पंपावर तो थांबला. पंपावरच्या मुलाने नेहमीचा प्रश्न केला, "साधा की पावर?" भाच्याने ऐटीत महागडे सांगितले. लिटरमागे सात-आठ रुपयांचा फरक. मी विचारले, "अरे, ही काय शर्यतीची गाडी आहे?" तो म्हणाला, "मामा, चढावार इंजिन ठोकता. म्हणान मी म्हागडा घालतंय."

कसालला महामार्ग सोडून मालवणचा रस्ता धरला. हा रस्ता सरळ नाही. जांभ्या दगडाचा सडा चढायचा, पुन्हा आंब्या-काजूच्या बागांतून खाली व्हाळापर्यंत उतरायचे, पुन्हा चढायचे. कट्ट्याच्या अलीकडच्या एका चढावर मला ते ऐकू आलेच. डब्यात खडे घालून हलवावेत तसा टक्-टक्-टक् आवाज. महागडे पेट्रोल पोटात असूनही!

आता हा ठोका म्हणजे काय, ते आधी सांगतो. कोकणात भाताचे तरवे टाकण्याआधी जमीन भाजतात. भाजवळ म्हणतात तिला. घाटावर आपण राब म्हणतो. पालापाचोळा पसरून एका कडेने विस्तव लावायचा आणि आग सरकत सरकत दुसऱ्या कडेला जाऊ द्यायची. उन्हाने पालापाचोळा इतका तापला असेल की आग पोचण्याआधीच दुसरा कोपरा भडकला, तर काम हाताबाहेर जाते. इंजिनातही तेच होते. पिस्टन वर येताना पेट्रोलची वाफ आणि हवा दाबतो, प्लगची ठिणगी एका जागी आग लावते, आणि ती पसरत जाऊन पिस्टनला खाली रेटते. पण दाबामुळे नि उष्णतेमुळे कोपऱ्यातला वायू आपणहून पेटला, की तो पिस्टनवर हातोड्यासारखा बसतो. तोच हा ठोका. फार दिवस चालू दिला तर पिस्टनला भोकही पडते.

पेट्रोल असे अवेळी पेटण्याला किती दाद देत नाही, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. १९२६ च्या सुमारास अमेरिकेत ग्रॅहॅम एडगर या रसायनतज्ज्ञाने हे माप बसवले. आयसोऑक्टेन हा द्रव ठोका देत नाही, त्याला १०० गुण. हेप्टेन चटकन ठोकतो, त्याला शून्य. ९१ चे पेट्रोल म्हणजे ९१ भाग पहिला नि ९ भाग दुसरा अशा मिश्रणाइतके सोशीक पेट्रोल. बस्स, इतकाच त्याचा अर्थ. आकडा जास्त म्हणजे त्यात उष्णता जास्त, ताकद जास्त, असे मुळीच नाही. इंजिन ठोकत नसेल तर वरच्या आकड्याचे पैसे धुराड्यातून जातात.

आकडा कोणाला किती लागतो, हे इंजिन वायूला किती दाबते त्यावर असते. जुन्या ३५० च्या बुलेटचा दाब साडेपाचास एकच्या आसपास. ती काहीही पचवी. आजच्या साध्या शंभर-सव्वाशेच्या गाड्यांचा नऊ-दहास एक. शर्यतीच्या धर्तीवरच्या गाड्यांचा साडेबारा-तेरापर्यंत जातो, आणि वरच्या आकड्याचे पेट्रोल मागण्याचा हक्क त्यांचा. भाच्याच्या गाडीची पुस्तिका बहिणीने देव्हाऱ्याखालच्या खणात रेशनकार्डाबरोबर जपून ठेवली होती. तीत सरळ छापले होते, ९१ किंवा त्याहून अधिक.

आणि पंपावर आज साधे म्हणून मिळते ते काय आहे? आमच्या तरुणपणी ९३ चे पेट्रोल म्हणजे मोटारवाल्यांची चैन होती. पेट्रोलचा आकडा चढवायला त्या काळी शिसे घालीत. ती युक्ती १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली याने काढली. ते शिसे मुलांच्या मेंदूला बाधते हे कळल्यावर जगाने ते हळूहळू सोडले. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे बिनशिशाचे पेट्रोल आले. आता शिशाचे ते काम इथेनॉल करते, म्हणजे आपल्या उसाचे, मक्याचे, तुकडा तांदळाचे मद्यार्क. इथेनॉलचा स्वतःचा आकडा १०८ च्या वर आहे. २०२५ पासून देशभर शंभरात वीस भाग इथेनॉल असलेले पेट्रोल सर्रास मिळते, आणि केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार या साध्या पेट्रोलचा आकडा ९५ आहे. भारत स्टेज दोनच्या काळात तो ८८ होता, चारच्या काळात ९१. म्हणजे पुस्तिका ९१ मागते, साधे पेट्रोल ९५ देते, आणि आमचा भाचा त्याच्याही वर पैसे मोजतो. रोजचा एक लिटर धरा. वर्षाला अडीच हजार रुपये, जवळजवळ दोन पोती डीएपी!

मग गाडी ठोकत का होती? दुसऱ्या दिवशी भरडाजवळच्या एका मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीने आधी नुसता आवाज ऐकला, मग प्लग काढून पाहिला. "पेट्रोलाक कित्याक दोष देतंस? हेड कधी उघडलंस?" असे म्हणून त्याने संध्याकाळपर्यंत हेड उतरवले. आत काजळीचा थर खरवडून काढण्याजोगा. काजळीने दोन गोष्टी होतात. आतली जागा कमी होऊन दाब वाढतो, आणि तिचे कण निखाऱ्यासारखे लाल राहून ठिणगीआधीच आग लावतात. प्लगही दुसऱ्याच कोणत्या गाडीचा, जास्त तापणारा निघाला. सगळ्याची मजुरी धरून खर्च झाला तो चार महिन्यांच्या 'पावर'इतका.

मिस्त्रीने आणखी एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. घाटावरून खाली आलेल्या गाड्या इथे जास्त ठोकतात, असा त्याचा अनुभव. त्याला कारण आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. तिथे हवा पातळ, म्हणून सिलिंडरमध्ये भरते कमी नि दाबही कमी. मालवण समुद्राच्या पायरीवर. इथे इंजिन पोटभर हवा घेते, ताकद चांगली देते, पण ठोक्याच्या जवळही जाते. त्यात वैशाखाचा उन्हाळा, मागे मामासारखे ओझे, आणि गिअर बदलायचा आळस! चढावर चौथ्यातच रेटत राहिले की इंजिन मंद फिरते, थ्रॉटल पुरा उघडा असतो, आणि कोपऱ्यातल्या वायूला तापायला भरपूर वेळ मिळतो. बैलाला दलदलीत पराणी टोचून काय उपयोग? तिथे ओझे कमी करायचे असते. गाडीचे ओझे गिअर उतरवूनच कमी होते.

इथवर विषय पैशांचा होता. पण रात्री जेवण झाल्यावर पडवीत बसलो असता बहिणीने गेल्या श्रावणातली जी हकीकत सांगितली, ती ऐकून मी आकडे विसरलो.

बहिणीचे घर तारकर्लीच्या अलीकडे. पुढे देवबागपर्यंत जमिनीची चिंचोळी पट्टी; एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. पावसाळ्यात तिथे कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते. जून-जुलैत मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद, माणसे लावणीत गुंतलेली. भाच्याची गाडी पाच-सहा आठवडे मांगराच्या कडेला ताडपत्रीखाली उभी होती, टाकीत तळाला थोडेसे पेट्रोल. एका संध्याकाळी भावोजींना बांधावर फुरसे चावले. भाच्याने गाडी काढली, ती सुरूही झाली. भावोजींना मागे बसवून, त्यांच्या मागे शेजाऱ्याच्या मुलाला आधाराला घेऊन निघाला. दीड-दोन किलोमीटरवर गाडी गुदमरली आणि बंद पडली. पाऊस मी म्हणत होता. किका मारमारून पोरगा रडकुंडीला आला. दैवाने एक रिक्षा मागून आली नि भावोजी रुग्णालयात वेळेवर पोचले. लस मिळाली, माणूस वाचला. "पण ती पंधरा मिनिटं मी अजून विसरले नाही," बहीण म्हणाली.

गाडी कशाने बंद पडली ते नंतर कळले. मिस्त्रीने टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तसेच ठेवले. थोड्या वेळाने बाटलीत दोन थर दिसू लागले, वर पेट्रोल, खाली पाणी नि इथेनॉल. टाकीच्या झाकणाचे रबर तडकले होते. फाटक्या ताडपत्रीतून पावसाचे पाणी त्यावर पडत होते. शिवाय टाकी रिकामी असली की आतली जागा दमट हवेने भरते, रात्री गारव्याने दव धरते, आणि ते थेंबथेंब खाली उतरते.

जुन्या बिनइथेनॉलच्या पेट्रोलात पाणी शिरले की ते लगेच वेगळे तळाला बसे. इथेनॉलला मात्र पाण्याची ओढ आहे. थोडे पाणी ते पोटात ठेवते आणि इंजिनातून जिरवूनही टाकते. प्रमाण वाढले की पाण्याला धरून इथेनॉलच पेट्रोलला सोडते नि दोघे तळाशी जातात. कॉक तळाशी असतो, म्हणून कार्बोरेटरला आधी तेच मिळते. आणि वर उरलेल्या पेट्रोलचे काय? ९५ हा आकडा इथेनॉलच्या जोरावर असतो. मंत्रालयाच्याच माहितीप्रमाणे इथेनॉल मिसळण्यापूर्वीचे पेट्रोल ८४-८५ च्या घरातले. म्हणजे पंपावर तुम्ही कोणताही आकडा निवडा, झाकणाच्या रबरातून पाणी शिरले तर तो टाकीत उरत नाही. महागडे म्हणजे बिनइथेनॉलचे, असेही धरून चालू नये.

यासाठी मिस्त्री जे करतो ते मी लिहून आणले आहे. पावसाळ्यात गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी. आत हवेला जागाच नको. झाकणाचे रबर आगोटीला तपासावे. कार्बोरेटरची गाडी असेल तर कॉक बंद करून, इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवावे. आठवड्यातून एकदा गाडी नुसती सुरू न करता चार-पाच किलोमीटर फिरवून आणावी, आजारपणाला लागते म्हणून तरी. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, चिरतात. त्या बदलून घ्याव्यात. मायलेज थोडे उतरते हेही खरे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धर्तीच्या दुचाकींसाठी ते ३ ते ४ टक्के धरले होते. आपल्याच उसाला गिऱ्हाईक मिळते म्हणून मी ते सोसतो, पण ज्याचा ऊस नाही त्या कोकणातल्या शेतकऱ्याने का सोसावे, या भाच्याच्या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते.

पंपावर शंका आली तर गप्प बसू नये. पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवा, गाळणकागदावर थेंब टाकून दाखवा, घनता दाखवा, असे म्हणण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे.

आता थोडे गोव्याचे. सिंधुदुर्गात पेट्रोलचा विषय निघाला आणि बांद्यापलीकडचे पंप निघाले नाहीत असे होत नाही. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरचा कर जवळजवळ काढून टाकला, दर लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरला, आणि सीमेवर रांगा लागल्या. आजही तिकडे महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे. सावंतवाडी-बांद्याकडच्या माणसाचे ठीक आहे. मालवणहून पन्नास-साठ किलोमीटर जाऊन तितकेच परत यायचे, म्हणजे वाचवलेले वाटेतच जळायचे. कॅन भरून आणून स्वयंपाकघराच्या मागे ठेवणारे महाभागही आहेत. त्यांच्याविषयी काय बोलावे! आगीचे भय वेगळेच, पण दमट हवेत ते पेट्रोल महिनाभरात उतरते ते निराळे.

आठ दिवसांनी निघालो. राधानगरीला एका सोयरिकीचे काम होते, म्हणून भाचाच सोडायला आला. बहिणीने आमसुलांची पिशवी, दोन फणस आणि शहाळी बांधून दिली; ओझे आले त्यापेक्षा जास्त. भावोजी अंगणाच्या पेळेपर्यंत आले. त्यांच्या पोटरीवरचा काळसर डाग अजून दिसतो.

कणकवली सोडली, फोंडा गाठला. घाटाला सुरुवात झाली तशी मी कान टवकारले. पहिल्या वळणावर भाचा सवयीने चौथ्यातच होता. बारीकसा टक् झाला. त्याने पाय खाली घातला, तिसरा. पुढच्या वळणावर दुसरा. गाडी कुरकुर न करता चढू लागली. मध्ये एका वळणावर थांबून इंजिनाला दहा मिनिटे वारा दिला, आम्ही एक शहाळे फोडले. दाजीपूर येईपर्यंत पुन्हा आवाज नाही.

राधानगरीच्या पंपावर मुलाने विचारले, "साधं का पावर?" भाच्याने आधी झाकण उलटे करून रबरावरून बोट फिरवले, माझ्याकडे न बघता म्हणाला, "साधं. टाकी पूर्ण भर."