तासलेला खूर

अनुवाद शिकवताना आम्ही अचूकतेविषयी पुष्कळ बोलतो. चुकीची किंमत मात्र सहसा गुणपत्रिकेवरच चुकती होते. माझी एक चूक एका घोडीने भोगली.

माथेरानचा एक विद्यार्थी माझ्या एम.ए.च्या वर्गात होता. खासगी मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर घोडा हेच त्याच्या घराचे पोट. त्यांच्या घोडीच्या पुढच्या डाव्या खुराची भिंत खिळ्यांच्या ओळीत फुटली होती. घोडी लंगडत नव्हती, पण नाल टिकेना. खूर महिन्याला जेमतेम ६ ते १० मिलिमीटर वाढतो. फुटका भाग खाली उतरून निघून जायला कित्येक महिने लागणार. तोवर घर कशावर चालायचे? मुलाने काढता-घालता येणारे रबरी बूट मागवायचे ठरवले आणि त्यांचे इंग्रजी माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवले.

"नालासाठी घोडा म्हणतात, तसलं हे," वडील हसले. मी त्यांना सांगितले, की कल्पना जुनीच आहे. रोमन लोकही खिळा न ठोकता लोखंडी तळ खुराला बांधत. हे सांगताना मला स्वतःचे फार कौतुक वाटले. मग मी भाषांतर केले. माप 'फ्रेशली ट्रिम्ड' खुराचे घ्यावे, असे पत्रकात होते. मी लिहिले : 'नुकताच स्वच्छ केलेला खूर'. वाक्य कानाला बरे लागले.

बापलेकांनी खूर ब्रशने घासून लांबी-रुंदी मोजली. बूट येण्याच्या आदल्या दिवशी नालबंद येऊन नाल काढून, खूर तासून गेला. वाढलेल्या खुराच्या मापाचे बूट आता सैल झाले. दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंतच्या चालीत ते पायात फिरले, आत लाल माती शिरली आणि टाचेची मऊ कातडी सोलली गेली.

रविवारी मी वर गेलो. वडील रागावले नाहीत. पाय उचलून त्यांनी मला जखम दाखवली, मग खुराच्या कडेवरून बोट फिरवले. "सर, ह्याला तासलेला खूर म्हणतात." त्यांच्या तोंडचा हा रोजचा शब्द मी कोशात शोधला नव्हता, त्यांना विचारलाही नव्हता.

जखम भरल्यावर खूर पुन्हा तासून प्रत्येकाचे माप वेगळे घेतले. नव्या जोडाचे पैसे मी देऊ केले. त्यांनी निम्मेच घेतले. पहिल्या दिवशी पाव तास चाल, मग बूट काढून टाचा चाचपणे. रात्री बूट धुऊन वाळत. पेव्हर ब्लॉकच्या उतारावर लोखंड घसरे, तिथे रबर धरू लागले. "टापांचा आवाज तेवढा गेला," वडील म्हणाले.

आता अनुवादाच्या पहिल्या तासाला मी तेच पत्रक वाटतो. मुले कोश उघडतात. मी त्यांना विचारतो, हे काम रोज करणारा माणूस इथून किती लांब राहतो?