चिनी मातीवरील रानफुलें

आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर जो अन्याय घडला, तो येथें कबूल करणें आम्हांस अवश्य वाटतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं सृष्टिज्ञानाच्या तासास आम्हीं मुलांस एकेक फूल काढावयास सांगितलें. बहुतेकांनीं गुलाब किंवा कमळ काढिलें. एकानें मात्र शाळेच्या कुंपणालगत उगवणारी एकदांडी मुळांसकट काढिली; पानास किडीनें पाडलेलें भोंकसुद्धां त्यानें सोडिलें नव्हतें. आम्हीं तांबड्या शाईनें शेरा मारिला, "फूल सांगितलें होतें, गवत नव्हे." वर्गांत हंशा पिकला. त्या मुलास पुढें आपण होऊन चित्र काढतांना आम्हीं कधीं पाहिलें नाहीं.

पुढें डेन्मार्क देशांतील एका भोजनपात्रसंचाची हकीकत आमच्या वाचनांत आली, तेव्हां त्या शेऱ्याची आठवण होऊन आम्ही ओशाळलों. त्या देशांतील वनस्पतींच्या चित्रांचा 'फ्लोरा डॅनिका' नांवाचा ग्रंथ इ. स. १७६१ पासून खंडशः निघूं लागला व १८८३ मध्यें पुरा झाला. तींच चित्रें चिनी मातीच्या पात्रांवर उतरविण्याचें काम कोपनहेगन येथील राजाश्रित कारखान्यांत १७९० मध्यें सुरू झालें. राजाच्या मेजावरील पात्रें, तेव्हां त्यांवर शोभिवंत फुलेंच असतील असें कोणासही वाटेल. परंतु तेथें गवतें, शेवाळें व अळंबींही मोठ्या आदरानें विराजमान झालीं आहेत. एखादें झाड पात्रावर मावेना, तर त्याचा देठ तोडून दोन्ही भाग शेजारीं शेजारीं मांडिले; आणि पात्राच्या पाठीवर वनस्पतीचें लॅटिन नांव लिहिलें.

हें काम किती अवघड! झिलई दिलेल्या गुळगुळीत पात्रावर धातूंच्या भस्मांपासून केलेले रंग तेलांत खलून बारीक कुंचलीनें भरावयाचे. भट्टींत घालण्यापूर्वीं रंग दिसतो एक, बाहेर निघतो निराळा. म्हणून चित्रकारास पुढचा रंग मनांतच पाहावा लागतो. भट्टींत जाण्यापूर्वीं चुकलेली रेघ फडक्यानें पुसतां येते. सुमारें ८०० अंश सेंटिग्रेडच्या आंचेंत रंग झिलईशीं एकजीव झाला, म्हणजे ती रेघ कायमची.

योहान क्रिस्टोफ बायर नांवाच्या चित्रकारानें यांतील बहुतेक पात्रें एकट्यानें रंगविलीं. १८०२ मध्यें काम थांबलें, तेव्हां सुमारें १८०० नग तयार झाले होते. बारा वर्षांच्या या श्रमांनीं त्याची दृष्टि फार अधू झाली. वह्या तपासतां तपासतां आम्हांस चाळिशी लागली, तेव्हां आम्हीं घरांत केवढी कुरकुर केली होती! बायरनें आपले डोळे खर्चिले ते कोणाच्या पायांखालीं तुडविल्या जाणाऱ्या शेवाळासाठीं; आणि आम्हांस मात्र एका मुलाची एकदांडी क्षणभर नीट पाहण्याची सवड झाली नाहीं.

मागील वर्षीं तो विद्यार्थी आपल्या मुलाचें नांव घालण्यास शाळेंत आला. आम्हीं त्याजजवळ ही गोष्ट काढून क्षमा मागितली. तो हंसून म्हणाला, "सर, तें आतां कोणाच्या लक्षांत आहे?" थोड्या वेळानें निरोप घेतांना मात्र तो सहज बोलला, "फूल सांगितलें होतें, गवत नव्हे, असेंच ना सर?" एका शब्दाचाही फरक नव्हता.

आम्ही निरुत्तर झालों. आमचा शेरा केव्हांच भट्टींतून निघाला होता.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलानें दारचें तण काढून आणिलें, तर हंसण्यापूर्वीं दारांत जाऊन तें तण एकवार पाहावें. आणि विद्यार्थिमित्रहो, पानास भोंक असेल, तर तें खुशाल काढा. आम्ही चष्मा लावून पाहूं.