१७५ स्ट्रॉबेऱ्या आणि तीन हजार मरणं

दिवसभर ऑफिसात डोकं पिकल्यावर माणसं टीव्ही लावतात, मित्रांना फोन करतात, नाहीतर सरळ झोपतात. काही जण मात्र मुद्दाम असा गेम सुरू करतात, ज्यात पाच मिनिटांत वीसदा मरायची गॅरंटी असते. हा नेमका काय फंडा आहे?

आत्तापर्यंत मी ३,२१४ वेळा मेलेय. आकडा अंदाजपंचे नाही, गेमनंच इमानेइतबारे मोजून ठेवलाय. कधी दरीत पडून, कधी काट्यांवर आपटून, तर कधी सुटका दोन बोटांवर असताना कोसळून. आणि एवढं होऊनही उद्या रात्री साडेनऊला मी पुन्हा लॅपटॉप उघडून बसणार, हे नक्की.

गेमचं नाव 'सेलेस्ट'. जानेवारी २०१८ मध्ये आलेला. मॅडलिन नावाची एक मुलगी डोंगर चढतेय, वरवर बघता एवढीच स्टोरी. करायच्या गोष्टी तीन : उडी मारा, कडा धरून चढा, हवेत झेप घ्या. झालं! पण या तीन गोष्टींच्या जोरावर हा गेम तुम्हाला असा काही रडवतो, की शेजारच्या फ्लॅटमधल्या काकूंनी बेल वाजवून "सगळं ठीक आहे ना गं?" असं विचारावं.

मी काही प्रोफेशनल गेमर वगैरे नाही. वय एकतीस, बाणेरच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. स्पर्धेत उतरत नाही, कुणी बघावं म्हणून खेळत नाही. आठवड्यातल्या तीन-चार रात्री, तास-दीड तास. पण त्या तासाची वाट मात्र दुपारी तीनपासून बघत असते. मराठीत याला एकच शब्द आहे – नाद! आणि तोही सोप्या, टाइमपास गेमचा नाही. छळणाऱ्या गेमचा.

कॉइन टाका, मरा, परत कॉइन टाका

या नादाचं मूळ महाबळेश्वरात आहे. माझं आजोळ मेटगुताडचं. पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना लागतं ते गाव. मे महिन्याची सुट्टी म्हणजे आजोळ, हे ठरलेलंच. संध्याकाळ झाली की मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, सगळ्या पोरांना घेऊन महाबळेश्वरच्या बाजारात जायचा. मुंबई-पुण्याचे पर्यटक चपला, चणे आणि चिक्कीच्या दुकानांतून फिरत असायचे. आमचे पाय मात्र आपोआप व्हिडिओ गेम पार्लरकडे वळायचे.

अंधारी खोली, दहा मशीनचा एकदम चाललेला कल्लोळ आणि सगळ्यांत जास्त गर्दी 'मुस्तफा'च्या मशीनपुढे. या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. कॅपकॉम या जपानी कंपनीनं तो १९९३ मध्ये काढला होता. पण एवढं लांबलचक नाव घेणार कोण? त्यातल्या मुस्तफा नावाच्या हिरोवरून आपल्याकडच्या पोरांनी गेमचंच बारसं करून टाकलं.

पार्लरचा हिशोब साधा होता. एका कॉइनमध्ये मोजक्या लाइफ. त्या संपल्या की स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू. दुसरं कॉइन टाका, नाहीतर जागा खाली करा! या मशीनच्या पोटात बारीक स्विच असायचे. ते वरखाली करून मालकाला गेम सोपा किंवा अवघड करता यायचा. म्हणजे अवघडपणा हा तेव्हा सरळसरळ धंद्याचा भाग होता. नवशिक्या जितक्या लवकर मरेल, तितका गल्ला भरणार.

दादा एका कॉइनमध्ये वीस मिनिटं टिकायचा. आम्ही मुली त्याच्या मागे उभ्या राहून बघायचो, कारण आमच्या वाट्याला दिवसाला दोनच कॉइन यायची. दोन कॉइनवाला माणूस धाडस करत नाही. तो कोपऱ्यात उभा राहून एकच बटण दाबत बसतो. मरणाला किंमत होती ना, म्हणून!

हार फुकट झाली

पुढे गेम घरात आले, हळूहळू सोपेही होत गेले. इकडे जा, तिकडे वळ, हे बटण दाब, असं बोट धरून नेणारे. पण २००९ मध्ये फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीनं 'डेमन्स सोल्स' काढला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. पाठोपाठ २०११ मध्ये 'डार्क सोल्स' आला. हे गेम कुठलीच दयामाया दाखवत नव्हते. पहिल्याच राक्षसापुढे तुमचं पानिपत! असले गेम कोण विकत घेणार, असं वाटेल. पण याच कंपनीच्या, फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या 'एल्डन रिंग'च्या जून २०२४ पर्यंत अडीच कोटी प्रती खपल्या. अडीच कोटी लोकांनी पैसे मोजून स्वतःचा छळ विकत घेतला, म्हणा ना.

यात एक गंमत आहे. आता गेमचे पैसे एकदाच द्यायचे. नंतर तुम्ही दहादा मरा नाहीतर दहा हजारदा, दुकानदाराला एक छदामही जास्त मिळत नाही. मग गेम एवढा अवघड ठेवायचा कशाला? कारण अवघडपणा हाच आता माल आहे. पार्लरमध्ये तो गिऱ्हाइकाच्या खिशावर डोळा ठेवून असायचा. आता गिऱ्हाईकच तो मागून घेतंय.

जेस्पर यूल नावाच्या डॅनिश अभ्यासकानं २०१३ मध्ये या विषयावर एक अख्खं पुस्तकच लिहिलं. त्याचा प्रश्न असा : एरवी हरणं टाळायला धडपडणारी माणसं, जिथे हरणार हे नक्की ठाऊक आहे अशा खेळांकडे आपणहून का जातात? हा प्रश्न वाचला आणि मला आमचं मेटगुताड आठवलं. का, ते सांगते.

खोट्या स्ट्रॉबेऱ्या, खरा वारा

'सेलेस्ट'च्या डोंगरावर जागोजागी स्ट्रॉबेऱ्या ठेवल्यात. हो, स्ट्रॉबेऱ्याच! एकूण १७५. एकूण एक अडनिड्या जागी. त्या मिळाल्या नाहीत तरी गेम पूर्ण होतो. मिळाल्या म्हणून ताकद वाढत नाही, काही नाही. शिवाय नुसती तोडून भागत नाही. ती घेऊन धडपणे जमिनीवर पाय टेकला तरच ती तुमची. मधेच मेलात, की स्ट्रॉबेरी परत आपल्या जागी. काहींना तर पंख असतात. तुम्ही हवेत झेप घेतली रे घेतली, की त्या भुर्र.

आजोळी पहिल्यांदा लॅपटॉप उघडला तेव्हा मामा मागे उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आगं पोरी, हितं खऱ्या तोडाय माणूस मिळंना, आन् तू खोट्या तोडत बसलीस व्हय?"

यावर काय बोलणार! महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. मामांच्या लेखी स्ट्रॉबेरी ही गंमत नव्हे, वर्षभराची पोटगी आहे.

पण गेममधला डोंगर बघून मामीसुद्धा थबकली होती. चौथ्या टप्प्यात तिथे असा वारा सुटतो, की उडी मारली एकीकडे आणि पडलो भलतीकडे. "ह्ये तर आर्थर सीट हाय की," मामी म्हणाली. आर्थर सीटवरून एखादी हलकी वस्तू खाली टाकली, की दरीतून येणारा वारा ती पुन्हा वर आणून देतो, हे तिथे गेलेल्या प्रत्येकानं बघितलंय.

आता या गेमची खरी खुबी ऐका. तो अवघड आहे, पण लबाड नाही. मेल्यावर क्षणात तुम्ही त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला उभे. ना लोडिंग, ना उपदेश. उलट मृत्यूंचा आकडा मोठा असेल तर अभिमान बाळगा, तुम्ही शिकताय, असं गेमच एका पोस्टकार्डावर कळवतो. आणि गुपचूप मदतही करतो. कड्यावरून पाय सुटल्यावर उडीचं बटण क्षणभर उशिरा दाबलं तरी तो उडी मान्य करतो. आपल्या लक्षातही येत नाही.

एखाद्या स्क्रीनवर पहिल्या दहा वेळा काही म्हणजे काही सुचत नाही. विसाव्या वेळी कळतं, झेप आधी घ्यायला हवी. तिसाव्या वेळी बोटं आपोआप चालतात आणि डोकं पुढच्या काट्याचा विचार करायला लागतं. चाळिसाव्या वेळी पार! तेव्हा छातीत जे धडधडतं ना, ते इन्क्रिमेंटच्या पत्रानंही धडधडलेलं नाही. कारण सोपं आहे. इन्क्रिमेंट कमी का, याचं उत्तर कुणी देत नाही. 'मार्केट कंडिशन्स' म्हणतात आणि दार लावून घेतात. गेममध्ये मात्र प्रत्येक हारीला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं.

गारठा विचारून येत नाही

हे मला एवढं नेमकं कळलं ते दादामुळे.

दादा आता मेटगुताडचं शेत बघतो. पावसाळा सरला की रोपं लावायची, वाफ्यांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, ठिबक जोडायचं. डिसेंबरपासून रोज सकाळी उजाडताच तोडणी. स्ट्रॉबेरी झाडावरून तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे आज तोडायची ती आजच तोडावी लागते. पण एका डिसेंबरात अवकाळी पाऊस आला आणि लालचुटुक झालेली फळं वाफ्यातच सडली. त्यातून जे वाचलं, त्यावर पंधरा दिवसांनी थंडीचा घाला. वेण्णा लेकच्या परिसरात दव गोठलं, की पेपरात पांढऱ्या चादरीचे झक्कास फोटो येतात, पर्यटकांची गर्दी उसळते. दादा त्या सकाळी वाफ्यात बसून काळी पडलेली फुलं खुडत होता.

त्या वीकएण्डला मी तिथेच होते. रात्री तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"मेल्यावर पैसे जात न्हाईत यात?"

"नाही रे दादा. कितीपण मर."

"मग दे हिकडं."

पार्लरमधला तो वीस मिनिटांचा राजा पहिल्या स्क्रीनवर सोळा वेळा मेला. मी हसले, तो हसला नाही. बोटं कीबोर्डवर, नजर स्क्रीनवर. रात्री एकच्या सुमाराला त्यानं पहिली स्ट्रॉबेरी घेतली, जमिनीवर पाय टेकवला आणि मागे रेलून बसला. मग म्हणाला, "ह्यात एक बरं हाय बघ. कुठं चुकलं ते कळतं तरी. शेतात सगळं बरोबर करूनबी जातंच की."

यूलच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला तिथे मिळालं. आपल्याला हरायची हौस नसते. आपल्याला असं हरायचं असतं, ज्याचं कारण कळेल आणि पुन्हा प्रयत्न केल्यावर ज्यावर मात करता येईल. अशी न्याय्य हार बाहेर फारशी मिळत नाही. ऑफिसात नाही, शेतात तर नाहीच नाही.

आणि म्हणूनच 'गेममधून जीवनाचे धडे मिळतात' हे वाक्य मी कधी बोलत नाही. जिद्द कशाला म्हणतात ते दादाला गेमनं शिकवायची गरजच नव्हती. तो सकाळी सहाला पुन्हा वाफ्यात होता आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्यानं पुन्हा रोपं लावली. कारण न कळताही पुन्हा लावली! हा गेम 'सेलेस्ट'पेक्षा कितीतरी अवघड. माझा गेम म्हणजे तासाभराचा विसावा, जिथे जगाचे नियम निदान तेवढ्यापुरते सरळ असतात.

नाद आणि व्यसन

"पण हे व्यसनच ना शेवटी?" हा प्रश्न येतोच. बरोबरही आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत स्थान दिलंय, जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, ही त्याची लक्षणं. साधारण वर्षभर ती दिसत असतील, तर तो विकार. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची गोष्ट तर आणखी निराळी. त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून बंदी घातली. तिथे हरणाऱ्याला पुन्हा पुन्हा खिसा उघडायला लावतात. म्हणजे जुन्या पार्लरचाच हिशोब, फक्त पाच रुपयांऐवजी अख्खा पगार.

माझी कसोटी साधी आहे. खेळून उठल्यावर डोकं हलकं आहे की जड? हलकं असेल तर नाद, जड असेल तर लॅपटॉप बंद. शिवाय एकाच स्क्रीनवर पन्नास मरणं झाली, की उठायचंच. गंमत म्हणजे त्या रात्री जे जमत नाही, ते दुसऱ्या दिवशी तिसऱ्या-चौथ्या खेपेलाच जमतं. झोपेत बोटं काय शिकतात, देव जाणे!

तुम्हाला करून बघायचं असेल, तर 'सेलेस्ट'पासूनच सुरुवात करा. फारच दमछाक झाली तर त्यात मदतीची सोय आहे. वेग कमी करता येतो, चढायची ताकद अमर्याद करता येते, हवं तर अमरही होता येतं. त्यात लाजायचं काही नाही, बनवणाऱ्यांनीच दिलंय ते. मात्र आधी थोडं मरून बघा. फुकट आहे!

माझ्या सध्या १३१ स्ट्रॉबेऱ्या झाल्यात, अजून ४४ बाकी. दादाकडे विचारलं तर तो म्हणतो, यंदा फुलोरा चांगलाय, पण डिसेंबर अजून जायचाय.